कुडाची भिंत आणि विमानाचा पंख



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार चळवळीतला हा माणूस संपाचा किंवा किमान वेतनाचा इतिहास सांगेल. तो विषय मला प्रिय आहेच. परंतु आज मी एका पदार्थाचा इतिहास सांगणार आहे. माझे शालेय शिक्षण लवकर सुटले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे माझ्या बोलण्यात प्रोफेसरांची सफाई सापडणार नाही. पण ज्या वस्तूंविषयी मी बोलणार आहे त्या घडवणाऱ्यांच्या शेजारी मी पुष्कळ वर्षे उभा राहिलो आहे, एवढाच माझा अधिकार.

बाजारात ज्याला आपण नुसते ‘फायबर’ म्हणतो तो हा पदार्थ. न्हाणीघराचा दरवाजा, बागेतली घसरगुंडी, उजेड आत येऊ देणारा छपराचा पत्रा, मच्छीमाराची होडी, चौकातला पुतळा, ही सारी त्याचीच रूपे होत. शास्त्रीय मराठीत त्याला तंतुप्रबलित संमिश्र पदार्थ म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. बारीक, बळकट धागे घ्यायचे आणि त्यांना धरून ठेवील असे काहीतरी चिकट त्यांच्यात भरायचे. ते वाळले, की धागा ताण सोसतो आणि चिकट द्रव्य, ज्याला आपण राळ म्हणू, ते एका धाग्यावरचा भार दुसऱ्याकडे पोचवते. धाग्यांवाचून राळ ठिसूळ आणि राळेवाचून धागे म्हणजे मोकळे सूत. आपल्याकडे मोळीची गोष्ट लहानपणीच सांगतात: एक काठी मोडते, मोळी मोडत नाही. पण मोळी कोणी बांधली, गाठ घट्ट होती की सैल, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. आज मला नेमके तेच विचारायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लोखंडाची कांब घेतली तर तिची ताकद बरीचशी भट्टीतून येतानाच ठरलेली असते. ह्या संमिश्र पदार्थाचे तसे नाही. तेच धागे, तीच राळ, तेच वजन घेऊन दोन ठिकाणी दोन वस्तू बनवल्या तर एक वीस वर्षे टिकेल आणि दुसरी दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सोडील. कारण येथे पदार्थ आणि वस्तू एकाच क्षणी जन्माला येतात. ताकद विकत आणलेल्या मालात थोडी असते, घडणीत फार असते. आणि घडण म्हणजे माणसाचा हात, माणसाचा वेळ आणि माणसाचा श्वास. ह्या पदार्थाचा इतिहास मी ह्या अंगाने पाहतो.

आरंभ दूर कशाला शोधायचा? सुरगाण्याचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. येथला कूड त्याच्या आधीही होता आणि नंतरही राहिला. कारवीच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, आडव्या बांबूच्या कामट्यांनी बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचे. त्या मातीत भाताचे तूस किंवा पेंढ्याचा चुरा घालतात, पायांनी तुडवतात, मग ती मुरू देतात. शहरातला माणूस ह्याला गरिबाची भिंत म्हणतो. परंतु नीट पाहिले तर तिच्यात ह्या शास्त्राचे बहुतेक सारे नियम आहेत.

ओली माती वाळताना आकसते, आकसली की तडकते. नुसत्या मातीच्या थराला एकच मोठी भेग पडते आणि तो पोपडा खाली येतो. पेंढ्याची काडी भेगेच्या आडवी आली की ती भेगेचे दोन्ही ओठ धरून ठेवते. मग एका मोठ्या भेगेऐवजी पुष्कळ बारीक भेगा पडतात आणि भिंत उभी राहते. हा झाला पहिला नियम: तंतूचे खरे काम भेगेला पुढे न जाऊ देणे.

पण काडी घातली म्हणजे झाले असे नाही. पेंढा झुबक्याने पडला तर त्याच्या पोटात माती शिरत नाही, पोकळी राहते आणि पुढे तेथूनच भिंत फुगते. सगळा लेप एका दिवसात जाडजूड थापला तर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि स्वतःच्या वजनाने सुटतो. म्हणून पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. हे काम बहुतेक घरी बायकांचे. किती तुडवायचे, किती मुरवायचे, केव्हा थांबायचे हे त्यांच्या तळव्याला आणि तळहाताला कळते. ते ज्ञान कोणत्या पुस्तकात नाही म्हणून त्याला ज्ञान न म्हणणे हा आपला करंटेपणा होय.

बांबूचेही तसेच. बांबू हा निसर्गानेच घडवलेला संमिश्र पदार्थ आहे. त्याच्या अंगात उभे तंतू असतात, आणि बाहेरच्या सालीकडे ते दाट असतात. म्हणून तो उभा सहज चिरतो, आडवा तुटत नाही, आणि जाणता कारागीर बाहेरची बळकट पाठ कारण नसताना तासत नाही. पावसाळा सरून अंगातला रस उतरल्यावर तोडलेला बांबू टिकतो; भलत्या दिवसांत तोडलेल्याला भुंगा लागतो. म्हणजे घडण कारखान्यात सुरू होत नाही, ती तोडणीच्या दिवसापासून सुरू होते. बोहाड्याचे मुखवटे आपण पाहतो. त्यांतले काही लाकडाचे असतात, तर काही कागदाचे. मातीच्या साच्यावर खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे थरावर थर देऊन बसवतात. बोटाने दाबून हवा काढली नाही, तर तेथे फोड राहतो आणि तो मुखवटा नाचणाऱ्याच्या तोंडावरच उकलू लागतो. विमानाचा पंख ह्याहून निराळ्या नियमाने बनत नाही, हे मी पुढे दाखवणार आहे.

आता जगाच्या इतिहासाकडे वळू. मातीत पेंढा घालून विटा पाडण्याची रीत मिसर देशात हजारो वर्षांची जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारात, निर्गम नावाच्या ग्रंथात, तिच्याविषयी एक कथा आहे. गुलाम इस्राएली लोक फेरोसाठी विटा पाडत. त्यांनी सणासाठी सुट्टी मागितली तेव्हा राजाने हुकूम काढला की, ह्यांना आता पेंढा पुरवू नका. तो त्यांनी स्वतः गोळा करावा आणि विटांची रोजची संख्या मात्र एकानेही कमी होऊ नये. संख्या भरली नाही तेव्हा मुकादमांना फटके बसले आणि राजाने सर्वांना आळशी ठरवले. धर्माच्या अंगाने ह्या कथेचा अर्थ लावणारे लावोत. मी कामगार संघटक म्हणून वाचतो तेव्हा मला दिसते की, तंतू घातलेल्या पदार्थाची ही फार जुनी लिखित हकीकत आहे, आणि ती ‘कोटा’ ह्या विषयावर आहे! माल कमी, वेळ कमी, संख्या तीच. अशा विटेची ताकद किती असेल ह्याचा विचार फेरोने केला नसावा.

ह्यानंतर पुष्कळ शतके ओलांडून आपण १९२० सालापाशी येऊ. इंग्लंडात फार्नबरो येथे विमानांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती. तेथे ग्रिफिथ नावाचे एक तरुण इंजिनियर काचेच्या काड्या तोडून पाहत होते. काच ठिसूळ, हे पोरालाही ठाऊक. पण त्यांना आढळले की, काच जसजशी बारीक ओढावी तसतशी ती विलक्षण बळकट होते. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काडीपेक्षा केसाहून कितीतरी बारीक असा काचेचा धागा, तेवढ्याच क्षेत्रफळावर, जवळजवळ वीसपट ताण सोसत होता. कारण काय? काच मोडते ती तिच्या अंगावरच्या बारीक ओरखड्यांमुळे. भार त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो आणि भेग धावते. बारीक धाग्यात मोठा ओरखडा मावतच नाही.

परंतु ह्या बळकट धाग्याला दुसऱ्या धाग्याचे नुसते घर्षण झाले तरी त्याच्या अंगावर नवे ओरखडे पडतात आणि त्याचे बळ जाते. म्हणून पुढे १९३०च्या दशकात अमेरिकेत काचेचे धागे कारखान्यात निघू लागले तेव्हा धागा भट्टीतून ओढताक्षणीच त्याला एका पातळ लेपाचे कवच देण्याची रीत बसली. हा लेप धाग्याला जपतो आणि पुढे राळेशी त्याची सोयरीकही जुळवतो. काचेच्या धाग्याला रसायनशास्त्रज्ञाने बळ दिले असेल, पण ते बळ साच्यापर्यंत शाबूत पोचवणे हे घडणीचे काम आहे.

मधल्या काळात दुसरा एक तंतू घराघरांवर चढला होता, तो म्हणजे अॅस्बेस्टॉस. ऑस्ट्रियातील लुडविग हाटशेक ह्यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ह्या तंतूचे आणि सिमेंटचे पत्रे बनवण्याची युक्ती काढली. कागद बनवतात तसेच हे काम. सिमेंट, पाणी आणि दहा टक्क्यांच्या आसपास तंतू ह्यांचा पातळ रबडा करायचा. त्यात जाळीचा पिंप फिरत राहतो, त्याच्या अंगावर पातळ साय धरते, ती साय पट्ट्यावरून वाहून एका मोठ्या रुळावर गुंडाळली जाते, आणि थरावर थर चढून पत्र्याची जाडी भरते. मग ओला पत्रा कापून त्याला पन्हळी द्यायच्या आणि तो मुरू द्यायचा. भारतात १९३०च्या दशकात मध्य प्रांतातील कैमूर येथे हे कारखाने सुरू झाले, पुढे मुंबईच्या मुलुंडला आले. आपल्या नाशिक जिल्ह्यातही दिंडोरी तालुक्यात लखमापूरला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना आहे.

ह्या यंत्राने पत्र्याच्या अंगात काय लिहून ठेवले पाहा. पिंप ज्या दिशेने फिरतो, त्या दिशेने पुष्कळसे तंतू आडवे होतात. वाहत्या ओढ्यातले गवत जसे एकाच दिशेने झुकते तसे. त्यामुळे पत्रा एका दिशेने बळकट आणि दुसऱ्या दिशेने कमजोर निघतो. शिवाय तो थराथरांचा असल्यामुळे थरांमधला सांधा हीच त्याची दुबळी जागा. वाळलेल्या पत्र्याकडे पाहून ह्यातले काहीही दिसत नाही. यंत्राची चाल पत्र्याच्या पोटात कायमची राहते.

पण यंत्राची चाल पत्र्यात राहिली, तशी धूळ माणसाच्या पोटात राहिली. अॅस्बेस्टॉसची कुसे इतकी सूक्ष्म, की श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तेथून परत येत नाहीत. वीस-तीस वर्षांनी दम लागू लागतो, कोणाला कर्करोग होतो. इंग्लंडात १९२४ साली एका कापडकामगार स्त्रीच्या मृत्यूचा वैद्यकीय वृत्तांत छापून आला, १९३० साली सरकारी अहवाल झाला, १९३१ साली नियम झाले. म्हणजे आपल्याकडे कारखाने उभे राहिले तेव्हा जगाला हे ठाऊक होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर निकाल देताना सांगितले की, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे ठेवावी असाही आदेश दिला. साठाहून अधिक देशांनी हा तंतू बंद केला आहे. आपल्या देशात पांढऱ्या अॅस्बेस्टॉसचा वापर अजून चालू आहे. पत्रा किती भार सोसतो ह्याची कसोटी कारखान्यात रोज होते. पत्रा करणाऱ्याची छाती किती सोसते, हे विचारायला न्यायालयाला यावे लागले.

आता मी ज्या प्रसंगासाठी हा सारा इतिहास सांगतो आहे, तेथे येतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ‘मॉस्किटो’ नावाचे लाकडी विमान बनवले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले आणि पुढे सात हजारांहून अधिक विमाने निघाली. धातूची टंचाई होती. फर्निचर करणारे सुतार मोकळे होते. लाकूड हाही तंतूंचाच पदार्थ. बर्च लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून केलेले प्लायवूड, मध्ये वजनाला हलके असे बाल्सा लाकूड आणि पुन्हा प्लायवूड. विमानाचे धड साच्यावर दोन अर्ध्या भागांत घडवून मग जोडत, आपल्या मुखवट्यासारखेच. हे विमान त्या काळच्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक ठरले.

ही विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आली, आणि १९४४ च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पंखांना आकाशातच दगा होऊ लागला. माणसे मेली. नोव्हेंबर १९४४ मध्ये येथली विमाने जमिनीवर ठेवावी लागली. चौकशी आली. आरंभी खापर कोणावर फुटले असेल? आपल्या हवेवर! हिंदुस्थानचा उष्मा, हिंदुस्थानचा पाऊस, त्याने लाकूड आकसले, असे सांगण्यात आले. परंतु चौकशी तेथे थांबली नाही. पुढच्या तपासात इंग्लंडातच असलेली, ज्यांनी मोसमी पावसाचा एक थेंबही पाहिला नव्हता अशी विमाने उघडून पाहिली, तेव्हा त्यांच्यातही तेच दोष सापडले. भाग एकमेकांशी नीट जुळलेले नव्हते, सांध्यात सरस धड बसलेला नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, दोष दोन कारखान्यांतल्या घडणीत होता.

येथे मला कारागिरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नाही. ते दिवस युद्धाचे होते. रोज अधिक विमाने हवी होती. सरस लावून चापात धरलेला सांधा किती वेळ धरायचा हे सरस ठरवतो, वरिष्ठांचा हुकूम ठरवत नाही. माझा तर्क असा की, जेथे संख्या सरसाच्या वेळेहून मोठी होते तेथे असे सांधे जन्मतात. पण ह्या प्रसंगाचा धडा तर्कावर अवलंबून नाही. लाकूड उत्तम, आराखडा उत्तम, वैमानिक शूर. तरी पंख तुटला, कारण सांधा कच्चा होता, आणि तो कच्चा आहे हे बाहेरून कोणालाही दिसले नाही.

युद्धानंतर काचेचे धागे आणि पॉलिएस्टर राळ ह्यांची जोडी सर्वत्र पसरली. आज नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, आणि कोठल्याही जिल्ह्याच्या गावी, शेडमध्ये हे काम चालते. साच्याला मेण लावायचे, राळेत हार्डनर कालवायचा, काचेची चटई अंथरायची, ब्रशने राळ मुरवायची आणि दातेरी लोखंडी रोलर फिरवून आतली हवा काढायची. ह्यातली प्रत्येक पायरी ताकद वाढवते किंवा खाते.

हवेचेच घ्या. थरांत अडकलेल्या बुडबुड्यांचे माप शास्त्रज्ञांनी काढले आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दाखवले आहे की, पोकळी एक टक्क्याने वाढली की थर एकमेकांवरून घसरू न देण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि निदान चार टक्क्यांपर्यंत हा हिशेब चालतो. चार टक्के पोकळी म्हणजे पाव ताकद गेली. विमानाच्या कामात एक-दोन टक्क्यांवर पोकळी चालत नाही. घाईच्या हातकामात ती सहज त्याच्या पुढे जाते. तंतूंच्या प्रमाणाचेही तसेच. चटईच्या हातकामात वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा तंतू नसतो, बाकीची राळ. दाबाखाली केलेल्या विमानाच्या कामात घनफळाचा साठ टक्के भाग तंतूंनी भरलेला असतो.

हार्डनरची गोष्ट तर स्वयंपाकघरातल्या विरजणासारखी आहे. कमी पडला तर राळ नीट घट्ट होत नाही, बोटाला चिकट लागते आणि महिनोन्महिने उग्र वास सोडते. जास्त पडला तर राळ इतकी तापते की आतल्या आत तडकते. नाशिकच्या थंडीत सकाळी काम उरकावे म्हणून कोणी हार्डनर वाढवतो, आणि ती घाई दरवाज्याच्या पोटात कायमची बसते. पावसाळ्यात ओलावा धरलेली चटई राळेला धड चिकटत नाही.

एका लहान कारखान्यातला अनुभव सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. दरवाजे बनवण्याचे काम होते. चौघांच्या जोडीने दिवसाला चार दरवाजे होत, ते सहा करण्याचा हुकूम आला. चार-सहा महिन्यांत गिऱ्हाइकांकडून फुगलेले दरवाजे परत येऊ लागले आणि मालकाने त्यांची किंमत कामगारांच्या पगारातून कापली. कामगार हलगर्जी, असे म्हणणे पडले. आम्ही बोलणीला बसलो तेव्हा भाषण केले नाही. परत आलेले दोन दरवाजे करवतीने आडवे कापून टेबलावर ठेवले: एक सकाळच्या पहिल्या तासाचा, एक पाळी सुटतानाचा. सकाळच्या दरवाज्याच्या कापात बुडबुडे मोजावे लागत होते, संध्याकाळच्या कापात ते मोजताच येत नव्हते. तेच हात, तीच राळ. मधल्या आठ तासांत हलगर्जीपणा वाढला नव्हता, रोलर फिरवायचा वेळ संपला होता. अखेर दिवसाला पाच दरवाजे ठरले आणि कापलेला पगार मिळाला. विजय अर्धाच होता. राळेचा वास ओढून घेणारा पंखा मात्र त्या शेडला मिळाला नाही. ह्या राळेत स्टायरिन नावाचे द्रव्य असते आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करण्याचा संभव असलेल्या द्रव्यांत घातले आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातील दुसऱ्या टोकाकडे पाहू. ओझरला १९६४ साली ‘मिग’ विमानांसाठी कारखाना निघाला. ‘मिग-२१’ हे मुख्यतः धातूचे विमान; २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते वायुदलातून निवृत्त झाले. त्यानंतर महिन्याच्या आत, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, ओझरला जुळवलेले ‘तेजस मार्क १-ए’ हे पहिले विमान आकाशात गेले. ‘तेजस’च्या सांगाड्याच्या वजनाचा सुमारे पंचेचाळीस टक्के भाग संमिश्र पदार्थांचा, मुख्यतः कार्बनच्या धाग्यांचा आहे.

अशा कामाची रीत ऐकण्याजोगी आहे. राळ आधीच लावलेले कार्बनचे कापड शून्याखाली अठरा अंशांवर गोठवून ठेवतात. ते बाहेर काढले की घड्याळ सुरू होते. किती तास बाहेर राहिले ह्याची नोंद होते, आणि मुदत संपली की माल कितीही महाग असला तरी बाद. कापड धूळ नसलेल्या खोलीत अंथरतात. एक थर ह्या दिशेने, दुसरा तिरपा, तिसरा आडवा. कारण एका दिशेच्या धाग्यांच्या थराची ताकद धाग्याच्या दिशेने जेवढी असते, तिच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढीच ती आडव्या दिशेने असते. धागे दोन-तीन अंशांनी जरी लहरले, तरी दाब सोसण्याचे बळ झपाट्याने घटते. वाकलेली काठी टेकू म्हणून जशी दगा देते तसे. मग सारे वेष्टनात घालून हवा शोषून घेतात आणि मोठ्या बंद भट्टीत सहा-सात वातावरणांच्या दाबाखाली, सुमारे एकशे ऐंशी अंश उष्णतेत मुरवतात. निवतानाही घाई चालत नाही. कार्बन जवळजवळ आकसत नाही, राळ आकसते; दोघांची ओढाताण आत राहून जाते. म्हणून मधल्या रेषेच्या वर जसे थर तसेच खाली द्यावे लागतात, नाही तर भाग पापडासारखा वाकतो. शेवटी ध्वनिलहरींनी त्याचे पोट तपासतात.

पातळ थर, हवा काढणे, दिशा राखणे, मुरू देणे, घाई न करणे. हे सारे आपण आधी कोठे ऐकले? कुडाच्या भिंतीपाशी आणि बोहाड्याच्या मुखवट्यापाशी. फरक नियमांचा नाही. तेथे नियम राखायला गोठवणी, भट्टी, नोंदवही आणि तपासनीस आहेत. येथे लिंपणाऱ्या बाईचा अनुभव आहे. आणि ह्या दोहोंच्या मध्ये शेडमधला जो कंत्राटी कामगार आहे, त्याच्यापाशी भट्टीही नाही आणि मुरू देण्याइतका वेळही नाही. आपल्या घरांत, शाळांत, दवाखान्यांत येणारा फायबरचा माल बहुतेक त्याच्याच हातचा असतो.

सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्याला ह्याचा विशेष विचार केला पाहिजे. शहरात न खपलेला माल रस्ता संपतो तेथवर येतो, आणि डोंगराळ भागातला पाऊस त्याची परीक्षा पहिल्याच वर्षी घेतो. तेव्हा शासकीय योजनेतला दरवाजा असो वा ग्रामपंचायतीने घेतलेले फिरते शौचालय असो, ताब्यात घेताना तो नुसता रंगावर घेऊ नये. बाजारात मडके आपण वाजवून घेतो. फायबरही वाजवून घ्यावे. नाण्याने ठिकठिकाणी टकटक करावे. खणखणीत आवाज सर्वत्र सारखा आला पाहिजे, जेथे तो बद्द येतो तेथे थर सुटलेला असतो. ही युक्ती गावंढळ समजू नका. विमानाची तपासणी करणारे तंत्रज्ञही तिचा उपयोग करतात. कडा पाहाव्यात, पांढरे कोरडे धागे दिसले तर राळ मुरलेली नाही. बोट लावून चिकट लागले किंवा जुन्या मालालाही उग्र वास आला, तर हार्डनर बिघडला आहे.

एवढे केल्यावर मात्र विक्रेत्याशी भांडून थांबू नका. मालाच्या निविदेत किंमत लिहितात, वजन लिहितात, जाडी लिहितात. एका नगाला किती वेळ दिला जाईल आणि तो करणाऱ्याच्या शेडमध्ये हवा कशी असेल, हे कोठेच लिहीत नाहीत. आमची संघटना ह्या दोन ओळींसाठी भांडते, तेव्हा ते केवळ मजुरीचे भांडण आहे असे पुष्कळांना वाटते. त्या दोन ओळी तुमच्या दरवाज्याच्या ताकदीच्या आहेत. कामगाराच्या हातून काढून घेतलेला वेळ कोठे नाहीसा होत नाही. तो पोकळी होऊन वस्तूच्या पोटात बसतो, आणि एखाद्या पावसाळी रात्री ज्याच्या डोक्यावर ते छप्पर आहे त्याच्याकडून वसूल होतो.